रंगाचा रकाना

इंदिरानगर, नाशिक
१९ जानेवारी २०२६

नाही म्हणजे नाही, नाना. गाडीला रंग लागणार नाही. आणि काल केलंत तसं फोन मध्येच ठेवून नंतर "ऐकू नाय आलं" म्हणायचं, हे आता बंद. मशीन कानात असलं की तुम्हाला तीन घरं पलीकडचं भांडण शब्दन्‌शब्द ऐकू येतं, हे मला काकींनीच सांगितलंय. म्हणून लिहून पाठवतेय. कागद कट करता येत नाही. ललित रोज निफाडला कॉलेजच्या लॅबमध्ये नोकरीवर येतोच, जाता जाता तुम्हाला पत्र देईल आणि येताना उत्तर घेऊन येईल. वाचायचं नाही म्हणून दम दिलाय. वाचणार तो. धाकटा भाऊ आहे.

तर अंबडला गोरक्षच्या शेडमध्ये मोटारहोमचं काम निम्म्यावर आलंय. ही कुठल्याशा कंपनीची जुनी स्टाफ बस होती हे आता कुणाला सांगून खरं वाटणार नाही. आत दोन बंक, ओटा, सिंक, संडास, झोपायच्या जागेला मोठी खिडकी. (काकी विचारत होत्या, गाडीत संडास कशाला. त्यांना म्हणावं, एकदा चार दिवस माझ्याबरोबर चला.) बाहेरून सगळा नवा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा बसतोय. कोरा. मला तो तसाच ठेवायचाय.

कारणं सांगते. प्रायमर, खड्डे भरायची लांबी, रंग, वर लॅकर, सगळं मिळून पंचवीसेक किलो वजन वाढतं. मी आत एकेक किलोसाठी भांडतेय, ओट्यावरची फरशी काढून प्लाय टाकलाय. गडद रंग उन्हात तापतो, तुमचा निळा तर तव्यासारखा तापेल. फांदीचा ओरखडा कोऱ्या पत्र्यावर दिसतो न दिसतो, रंगावर पांढरी रेघ लांबून बोंबलते. आणि धनराज, जो मला गिऱ्हाइकं आणून देणार आहे, तो म्हणतो, गाडी न्यूट्रल ठेवा मॅडम, सगळ्या टाइपच्या फॅमिली येतात.

शिवाय मला आवडतं. रिव्हेटांच्या रांगा दिसतात. वस्तू जशी आहे तशी दिसू दे ना.

रोहिणी


निफाड
२२ जानेवारी

चि. रोहिणीस,
जयभीम. वर जयभीम लिहायचं तू इसरली. रागात असशील.

पाकीट उघडंच आलं. ललितने वाचलं, काकीला बी वाचून दाखवलं, दोघं माझ्याकडं बघून हसत व्हते. असू दे.

तू इंजिनेर हाय, मान्य. पण पत्रा मला कळतो. एकतीस वर्सं एसटीच्या वर्कशॉपात गाड्या रंगवल्यात. कोरा पत्रा म्हंजे बिनरंगाचा पत्रा नाय पोरी. पहिले सा महिने तो आरसा असतो. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या डोळ्यात ऊन मारतो. मग गिऱ्हाइकांच्या हाताचे डाग पडतात, पोरांच्या बोटांचे पडतात. एक पावसाळा गेला की पांढरी भुकटी धरती, जुन्या डब्यावर धरती तशी. तू म्हणशील लॅकर मारू. लॅकर मारला म्हंजे तू रंगच मारला, निस्ता दिसत नाय असा.

उन्हाचं म्हणशील तर टपाला पांढरा देऊ, खाली निळा. टप थंड तर गाडी थंड. वजनाचं म्हणशील तर लांबी भरायचीच नाय, पत्रा नवा हाय, भरायची कशाला. अ‍ॅल्युमिनियमवर साधा प्रायमर धरत नाय, सा महिन्यात पापुद्रे निघत्यात, त्याला वेगळा लागतो, तो मला माहीत हाय. घासायचं पाण्याखाली. दोन हात पातळ, तिसरा चमकीचा. मी सोता मारीन. मला फक्त गोरक्षची शेड दे आणि मधी मधी बोलू नको.

वस्तू जशी हाय तशी दिसू दे म्हणते. मग रंगवलेली वस्तू काय खोटी असती का?

तुझा,
सहादू नाना


इंदिरानगर
३० जानेवारी

नाना,

ललित फोटो काढून घेऊन आलाय. निफाडच्या चौफुलीवर फ्लेक्स. प्रजासत्ताक दिनाच्या हार्दिक शुभेच्छा, आणि त्याच फ्लेक्सवर खाली आगाऊ जाहिरात: १४ एप्रिल, भव्य मिरवणूक, विशेष आकर्षण निळी घरगाडी. शेजारी गाडीचं चित्र. ती गाडी माझी नाहीच, नेटवरून कुठल्यातरी परदेशातल्या मोटारहोमचा फोटो उचलून निळा केलाय. ड्रायव्हरची बाजूसुद्धा उलटी आहे. आणि कोपऱ्यात गोल फोटोत तुम्ही, फेटा बांधून.

शब्द तुम्ही दिलात, नाना. गाडी माझी आहे.

मला एकदा विचारायचं तरी. मी नोकरी सोडून ह्यात उतरलेय, गंमत म्हणून नाही. पहिल्या वर्षात गाडी चालली नाही तर मला पुन्हा जाऊन कुणाच्या तरी ऑफिसात स्क्रीनपुढे बसायचंय. लोक पैसे देऊन सहलीला येणार, त्यांना द्राक्षाचे मळे बघायचेत, त्र्यंबकला दर्शन घ्यायचंय. त्यांना गाडीनं काही सांगायला नकोय. धंद्यात घरातलं घरात ठेवावं लागतं. जयंती मंडळाला सांगून टाका की शक्य नाही.

आणि जयभीम मी विसरले नव्हते. लिहिलं नाही इतकंच. घरात म्हणतेच की.

रोहिणी


निफाड
४ फेब्रुवारी

चि. रोहिणीस, जयभीम.

दिला शब्द. चूक झाली. काकी दोन दिवस बोलत नाय माझ्याशी, फेट्याचा फोटो कोणाला विचारून दिला म्हणून.

कसं झालं ते सांगतो. विहारात मीटिंग व्हती. महेश मंडळाचा अध्यक्ष हाय, त्याने सहज विचारलं, नाना, नोकरीत किती गाड्या रंगवल्या असतील. मी मोजाया बसलो. आठवड्याला दोन धरल्या, तीन धरल्या, हिशेब काय लागंना. तर मागून कोणतरी म्हणलं, "त्यात आपली एक तरी व्हती का?" सगळे हसले. मी बी हसलो. आणि तोंडातून गेलं, आता हाय.

तुला म्हणून सांगतो. एकतीस वर्सं रंग कागदावर यायचा. नंबर यायचा. एवढं लाल, एवढं पिवळं. जरा इकडंतिकडं झालं की साहेब गाडी परत पाठवायचा. मी चांगला कारागीर व्हतो, माझी गाडी कधी परत आली नाय. पण आजवर एकदा बी कोणी इचारलं नाय की सहादू, ह्या गाडीला कोणता रंग देऊ या. तू गोरक्षला इचारते, धनराजला इचारते. मला निस्तं कळवते.

आता माझ्या एका प्रश्नाचं उत्तर दे. वजन, ऊन, ओरखडा, तू कारणं मोजून दिली. मी निळ्याऐवजी पांढरा म्हणलो असतो तर मोजली असती का?

सहादू नाना


इंदिरानगर
११ फेब्रुवारी

नाना,

काल पासिंग झालं. आरसी बुकात रंगाचा एक रकाना असतो. साहेबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, विचारलं काय लिहू, मी म्हटलं सिल्व्हर. लिहिलं. विषय संपला.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: हो, मोजली असती. (वरची ओळ दोनदा खोडलेली दिसेल. पेन खराब आहे.)

रोहिणी


इंदिरानगर
१७ मार्च

नाना,

महिना उलटून गेला, तुमचं उत्तर नाही. ललित म्हणतो, तुम्ही पत्र घेता, खिशात ठेवता आणि त्याला चहा पाजून परत पाठवता. बरोबर आहे तुमचं. तरी मी लिहितेय, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही.

परवा रविवारी पहिली ट्रिप झाली. बाहेरगावची सहा जणांची फॅमिली, धनराजनं आणलेली. सकाळी त्र्यंबकला दर्शन, संध्याकाळी मळ्यात मुक्काम. गाडी मस्त चालली. चढावर एकदाही धाप लागली नाही. पाण्याची टाकी गळेल अशी भीती होती, नाही गळली. मी एवढी खूश होते की स्टिअरिंगवर गाणी म्हणत होते.

त्यांच्यात एक काकू होत्या, साठीच्या. फार प्रेमळ. मला मुद्दाम देवळातला प्रसाद आणून दिला, माझ्या केसांत अडकलेली काडी काढली, बाई असून एवढी मोठी गाडी चालवते म्हणून सुनेला चार वेळा सांगितलं. देवळाजवळ पार्किंगमध्ये मी चहा टाकला तर ओट्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. दारातून बाहेर वाकून पत्र्यावर हात फिरवला, म्हणाल्या किती स्वच्छ दिसते गं गाडी. आणि मग विचारलं, "तू आपल्यातलीच ना?"

मी म्हटलं, "हो."

नाना, मी विचार केलाच नाही. हो तोंडातून कधी गेलं तेही कळलं नाही. एवढा गुळगुळीत हो मी आयुष्यात कुणाला दिलेला नाही.

मग त्यांनी मागच्या वर्षीच्या सहलीचं सांगितलं. ड्रायव्हर होता, चांगला होता, दोन दिवस सगळे त्याच्याच बाटलीतलं पाणी प्यायले. तिसऱ्या दिवशी त्याचं आडनाव कळलं. काकूंनी बाटली खिडकीतून टाकून दिली. हे त्यांनी हसत सांगितलं, गाडीचा एसी बंद पडल्याचं सांगावं तसं. मी हातात गाळणं धरून उभी. सहा कप चहा गाळला. सहाही जण प्यायले, एकानं तर अजून अर्धा कप मागितला. मला आधी हसू आलं. मग उरलेला चहा ओट्यावर सांडला.

त्र्यंबक ते नाशिक तीस किलोमीटर. तीस किलोमीटर, मग मळ्यातली रात्र, मी आपल्यातली होते. आरशात त्या मला बघून हसायच्या, मी पण हसायचे. दुसऱ्या दिवशी उतरताना त्यांनी मला पोटाशी धरलं. रिव्ह्यूला पाच स्टार दिलेत.

माझ्या गाडीत, माझ्या ओट्यापाशी, मी बाटलीवाल्या ड्रायव्हरच्या बाजूनं एक शब्द बोलले नाही. गाडी कोरी होती, त्यांना वाटलं ते त्यांनी तिच्यावर लिहिलं, आणि मी लिहू दिलं.

तेव्हा खरं उत्तर आता घ्या. तुम्ही पांढरा म्हणाला असतात तर मी एकही कारण मोजलं नसतं. पेन चांगलं होतं.

निळा देऊ या. अंबडला कधी येता ते कळवा. शेड रिकामी ठेवते.

जयभीम.
रोहिणी


निफाड
२१ मार्च

चि. रोहिणीस, जयभीम.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. काकीला वाचून दाखवलं नाय. ललितला बी ह्या वेळी वाचू नको म्हणणार व्हतो, पण त्याच्या तोंडावरून कळलं, त्याने वाचलंय. चहा बी नाय घेतला.

मी रंग मारणार नाय. गाडी राहू दे तशीच.

मला लय वर्सांचं आठवलं. तुला ठाऊक नाय ते. नोकरी नवी व्हती, अठ्ठ्यांशी साल. नाशकात एका गल्लीत खोली घेतली. घरमालकीण म्हातारी, मायाळू. नाव इचारलं, सहादू सांगितलं. आडनाव निकाळे सांगितलं, त्यावरून तिला काय उमगलं नाय, आणि मी उमगू दिलं नाय. लताने, तुझ्या काकीने, कपाटाच्या दाराला आतल्या बाजूनं बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो लावला. पहाटे दार उघडायचं, वंदना करायची, दार लावून घ्यायचं. मग दिवसभर ते कपाट. दोन वर्सं भिंतीवर कॅलेंडरशिवाय काय नाय.

एक दिवस कामावरून आलो तर सामान ओसरीवर. लता वळकटीवर बसलेली, तू जन्मली बी नव्हती. म्हातारी दाराआड उभी, बाहेर येईना. रोज मला भाकरी झाली का इचारणारी बाई. कोणी सांगितलं ते आजवर कळलं नाय. वर्कशॉपात गोटीराम व्हता, तो एकटाच घरी येऊन गेलेला. मी त्याच्यावर संशय धरला. रिटायर होईस्तोवर त्याच्याशी बोललो नाय.

आता समजून घे. निळा म्हणत व्हतो तवा मी मिरवणुकीतली गाडी बघत व्हतो. पुढं ढोल, दोन्ही बाजूनं आपली माणसं. तू एकटी कुठल्या मळ्यात, कुठल्या धाब्यामागं ती गाडी लावून झोपणार, हे माझ्या डोळ्यापुढं आलंच नाय. आम्हाला ओसरीवर सामान मिळालं. तुझं घरच चाकावर हाय, ते कोण कुठं अडवंल.

महेशला सांगितलं. फ्लेक्स उतरवला. लोकांना वाटायचं ते वाटू दे तुझ्या गाडीबद्दल. भांडी तुझी, चहा तुझा, पैसा तुझा. हसू येईल तेवढं हस. ठेव कोरी.

ह्यावर पुन्हा लिहू नको.

सहादू नाना


निफाड, तुमच्याच ओसरीवर
४ एप्रिल, दुपारी अडीच

लिहू नको म्हणालात, म्हणून दोन आठवडे लिहिलं नाही. कामं केली.

आधी आरटीओत अर्ज केला. रंग बदलायचा म्हणून. परवानगी मिळाली, कागद ड्रायव्हरच्या सीटवर ठेवलाय. मग धनराजला सांगितलं, गाडी निळी होणार, आणि बुकिंगवर इथून पुढे नुसतं रोहिणी नाही, रोहिणी निकाळे छापायचं. त्यानं दोन दिवस फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, मॅडम, तुमचं नुकसान होईल. मी म्हटलं होऊ दे, तुझं होणार असेल तर सांग, मी दुसरा माणूस बघते. तर म्हणाला, नाही नाही, तसं नाही. एप्रिलच्या दोन फॅमिली गेल्या. मेची एक आलीय, शाळेतल्या तीन मास्तरीणबाई, त्यांनी आडनाव वाचूनच फोन केला.

भीती मलाही वाटते, नाना. तुम्ही म्हणता त्या धाब्यामागे नक्की वाटेल. पण त्या रविवारी माझ्याच गाडीत, भरदिवसा, माझ्याच हातचा चहा देताना जी वाटली ना, ती मला पुन्हा नकोय. तिच्यापुढे धाबा परवडला. कुलपं चांगली लावलीत, फोनमध्ये ललितचा नंबर वरच आहे, आणि कुणी उठवलं तर गाडी चालू करून पुढे जाईन. तुमच्या ओसरीवरच्या सामानाला इंजिन नव्हतं.

गोरक्षनं सगळा पत्रा पाण्याखाली घासून प्रायमर मारून दिलाय. तुम्ही लिहिला होतात तोच, अ‍ॅल्युमिनियमवर धरणारा. मी त्याच्या डोक्यावर उभी राहून मारून घेतला. त्यामुळे आता गाडी कोरी राहिलेली नाही आणि रंगलेलीही नाही. अशी घेऊन मी कुठेच जाऊ शकत नाही. तुमच्या दारात, कडुनिंबाखाली लावलीय. गन, कॉम्प्रेसर, टेप, जुने पेपर, सगळं आत बंकवर आहे. रंगाचा डबा मात्र आणला नाही. आरसीच्या कागदावर नुसतं निळा लिहितात, कुठला निळा ते विचारत नाहीत. ते तुम्ही ठरवायचं. मला फोन करून विचारायचं नाही. आवडला नाही तरी मी बोलणार नाही.

तुम्ही आत झोपलात, मशीन डबीत ठेवून. एवढी मोठी गाडी रिव्हर्स घेतली, हॉर्न दिला, शेजारची कुत्री भुंकली, तुमची घोरण्याची लय बदलली नाही. दार काकींनी उघडलं. त्यांनी गाडीला एक पूर्ण चक्कर मारली, आत गेल्या, संडासाचं दार उघडून बघितलं. मग मला इथे चटईवर बसवलं आणि तुमचं शेवटचं पत्र मागितलं. मी दिलं. ते तुम्ही त्यांना दाखवलं नव्हतंत ना, म्हणून त्यांनी स्वतः वाचलं. सावकाश, बोट फिरवत. गोटीरामकाकांचं नाव आलं तिथे थांबल्या.

"कपाटाचं दार मी लावायचेच नाय गं," म्हणाल्या. "ह्ये कामावर गेले की उघडंच ठेवायचे. दोन वर्सं. म्हातारी समोर बसून माझ्यासंगं तांदूळ निवडायची, तिला पहिल्या महिन्यातच दिसलं व्हतं."

मी विचारलं, मग दोन वर्षांनी बाहेर कसं काढलं. तर म्हणाल्या, म्हातारीनं नाही, तिचा मुलगा सुट्टीला आला, त्याला उघड्या कपाटातले फोटो दिसले, त्यानं काढलं. दाराआड उभी राहून ती रडत होती. हे तुम्हाला का नाही सांगितलं विचारलं, तर म्हणाल्या, सांगितलं असतं तर हे मलाच म्हणाले असते, तुझ्यामुळे खोली गेली. नंतर तुमचं गोटीरामकाकांशी बोलणं बंद झालेलं बघून सांगायची आणखी भीती वाटली. मग राहूनच गेलं.

मी म्हटलं, हे मी नानांना लिहू का. त्या उठल्या, चुलीकडे गेल्या, आतूनच म्हणाल्या, लिही, वाचू दे.

म्हणून लिहिलंय. गोटीरामकाका सातपूरला मुलाकडे असतात, काकींना पत्ता माहीत आहे. त्यांना एक-दोनदा बाजारात भेटल्याही आहेत, तुमच्या नकळत.

तुम्ही कूस बदललीत आत्ता. किल्ली ह्या कागदाखाली आहे. जे विचारायचं ते काकींना विचारा. ललित फाटकाशी बाइक चालू करून उभा आहे, मी निघाले.